कावळ्याला कबूल केलेली पट्टी

माणसाचं आयुष्य म्हणजे विलीन होण्याची एक प्रदीर्घ तयारी आहे. नद्या सागरात विलीन होतात, संस्थानं देशात विलीन झाली, आत्मा परमात्म्यात विलीन होतो. आणि हे सगळं इतक्या शांतपणे होतं की मागे फक्त पाणी, नकाशा आणि तसबीर उरते. बुरहानपूरच्या सिंधीपुऱ्यातले केळीचे आडते मोतीलाल मात्र दहाव्याच्या दिवशी दुपार झाली तरी कशातच विलीन झालेले नव्हते. कारण कावळा शिवत नव्हता.

राजघाटावर पिंड मांडून बराच वेळ झाला होता. तापी संथ होती. भातावरचं दही सुकून त्याला भेगा पडायला लागल्या होत्या. कावळा नव्हता असं नाही. एक होता. पण तो पलीकडच्या विजेच्या तारेवर बसून, जेवणाच्या सुट्टीतला कारकून खिडकीतून रांगेकडे पाहतो तसा पिंडाकडे पाहत होता.

रिवाज असा, की कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलेली असते. मग जवळच्यांनी एकेक करून पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा. कोणती इच्छा, ते अंदाजानं ओळखायचं. बरोबर ओळखली की कावळा येतो.

पहिला मान मुलाचा. अरविंद पुढं झाला आणि म्हणाला, आप्पा, मायला सांभाळीन. कावळ्यानं एक पाय उचलून दुसऱ्यावर भार दिला. मग अरविंद म्हणाला, संविलियन झालं की लग्न करीन.

हे संविलियन समजून घ्यायला हवं. अरविंद नेपानगरकडच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवायचा, पण तो शिक्षक नव्हता; तो 'अध्यापक' होता. मध्य प्रदेशात तेव्हा शिक्षक वेगळे आणि अध्यापक वेगळे असत. काम तेच, फळाही तोच, फक्त अध्यापक शिक्षणखात्यात धरला जात नसे. त्या वर्षी सरकारनं या सगळ्यांना खात्यात सामावून घ्यायचं ठरवलं, आणि त्याला संविलियन असं भारदस्त नाव दिलं. तेव्हापासून अरविंदचं सगळं आयुष्य संविलियनानंतरच्या काळावर ढकललेलं होतं. लग्न, मागच्या खोलीचा स्लॅब, दातात भरायचं सिमेंट. कावळ्यालाही या विषयातलं काही नवीन वाटलं नाही. तो तारेवरच राहिला.

मग मुलगी अलका पुढं झाली. ती रावेरला दिलेली. तिनं रडत रडत सांगितलं की आप्पा, मला घरातला हिस्सा नको, सगळं अरविंदला राहू द्या. कावळा हलला नाही. अलकानं थोडा वेळ वाट पाहिली, डोळे पुसले आणि ते बोलणं हळूच परत घेतलं.

गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववता येतो, शास्त्रात सोय आहे. पण लोकांची तयारी नव्हती. मोतीलाल आयुष्यभर मंडईत घडावरचं एकेक केळं बोटानं दाबून घेत आले. त्यांची बोळवण गवताच्या कावळ्यावर करणं कोणाला पटेना.

तेव्हा सुपडूभाऊ अरविंदच्या कानाशी आले. सुपडूभाऊ म्हणजे शेजारी. त्यांना साखरेचा आजार होता आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात दोन्ही घरांच्या मधला मोठा नीम ज्यांनी तोडून टाकला, तेच हे. मुळ्या संडासाच्या टाकीत शिरतात असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून अरविंदची आई कोकिळाबाई त्यांच्याशी बोलत नसत. मोतीलाल मात्र बोलत, कारण मंडईतल्या माणसाला रोज ज्याच्याशी भांडतो त्याच्याशीच व्यवहार करायची सवय असते.

"अरे भाऊ," सुपडूभाऊ म्हणाले, "तुमच्या गाडीत मागच्या सीटवर रेडियमची पट्टी ठेवेल आहे ना, पेपरात गुंडाळेल? जीव तिच्यातच असन त्याचा. ते बोल एकदा."

अरविंदला त्या दिवसांत काही वाटतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपला असून आपला राहत नाही, बोटानं दाबला तर दुसऱ्याच कोणाचा तरी दाबल्यासारखं होतं. तसं त्याचं सगळं अंग झालेलं होतं. तो रडला नव्हता. हे लोकांनी टिपलं होतं, आणि त्यानंही. पण पट्टीचं नाव निघालं तेव्हा त्या बधिर झालेल्या गालाखाली कुठंतरी काहीतरी हललं.

पट्टीचं प्रकरण जुनं होतं. मंडईतल्या प्रत्येक आडत्याच्या गाडीला समोरच्या काचेवर, अगदी वरच्या कडेला, एक आडवी पट्टी असते. रेडियमच्या दुकानात मिळते म्हणून तिला रेडियम म्हणायचं, ती कशाचीही असो. कोणाच्या पट्टीवर देव असतो, कोणाच्या पट्टीवर आईबाप, एका आडत्याच्या पट्टीवर दर निवडणुकीला मजकूर बदलतो. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये हा तिचा मूळ हेतू. तो आता कोणाच्या लक्षात नाही. मोतीलालांनी जुनी पांढरी अल्टो घेतली त्या दिवसापासून त्यांनाही पट्टी हवी होती. अरविंदचं म्हणणं, पट्टी लावली की गाडी भाड्याची दिसते. शिवाय सुप्रीम कोर्टानं गाडीच्या काचेवर फिल्म चिकटवायला बंदी केलेली आहे. मोतीलाल विचारत, ते कोर्ट मे महिन्यात बुरहानपूरला येऊन बसलं होतं का. मग दोघं काही दिवस बोलत नसत, आणि मग पुन्हा तेच बोलत.

बापलेकांचं शेवटचं बोलणंही पट्टीवरच झालं. मोतीलाल सकाळी दारात चपला घालत होते. म्हणाले, पट्टी आणली बरं का, अरविंद. अरविंद मोबाइलवर अध्यापकांच्या ग्रुपात संविलियनाची ताजी अफवा वाचत होता. मान वर न करता म्हणाला, गाडीला नको, आप्पा, किती वेळा सांगायचं. मोतीलाल म्हणाले, "बरं." आणि गेले. दुपारी ट्रक भरताना ते केळीच्या पानांच्या ढिगावर टेकले, ते उठलेच नाहीत.

एका 'बरं'मध्ये काय काय मावतं, हे अरविंद तेव्हापासून मोजत होता. मान्य आहे, हे एक बरं. तू आता मोठा झालास, हे दुसरं. आणि तिसरं जे असतं, ज्याच्यानंतर माणूस चपला घालून निघून जातो, ते त्याला सगळ्यात ओळखीचं वाटत होतं. आप्पा कोणतं बरं म्हणाले, एवढं त्याला कळायला हवं होतं. कळलं असतं तर रडायला तरी आलं असतं. सांगू शकणारं माणूस एकच होतं. उंबऱ्यात डबा हातात देताना मोतीलाल शेवटचं बोलले ते कोकिळाबाईंशी. पण कोकिळाबाईंनी त्या दिवसापासून तोंड उघडलं नव्हतं. भेटायला आलेल्या बायका गळ्यात पडून रडत, त्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत. चहा विचारला तर मान हलवत. तीही कोणत्या बाजूला हलली ते नीट कळत नसे.

अरविंदनं हात जोडले. "आप्पा," तो म्हणाला, "काचेला पट्टी लावतो."

कावळा तारेवरून सुटला, नदी ओलांडून आला आणि शिवला.

घाटावर हुंदका फुटला. सुपडूभाऊंनी डोळे टिपले. त्याच वेळी मागच्या बाजूला कोणीतरी पुऱ्यांची पिशवी उघडली होती असं एक जण नंतर म्हणाला, पण त्याला पुढं बोलू दिलं नाही.

घरी आल्यावर ठरलं की यातलं काही कोकिळाबाईंना सांगायचं नाही. आमच्यात गेलेल्याची बायको घाटावर जात नाही. आधीच त्या गप्प. त्यात नवऱ्याचा जीव पट्टीत अडकला होता असं ऐकलं तर काय होईल, अशी सगळ्यांना काळजी. पट्टी लावून झाली की एकदम दाखवू, अलका म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या विषयावर एवढ्या लोकांचं एकमत होतं, त्यात विचारण्यासारखं काय राहतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी दारासमोर उभी केली. पेपर उलगडताना गल्लीतले चारदोन जण जमले, कारण पट्टीवर काय लिहिलं असेल यावर आदल्या रात्रीपासून तर्क चालले होते. अलकाला खात्री होती की बहीणभावाची नावं असतील. सुपडूभाऊंच्या मते देवी. पट्टी उलगडली. काळपट हिरवी, अर्धी आरपार दिसणारी, साधी पट्टी. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. अलकानं ती उलटी करूनही पाहिली.

"त्याले दिखावा आवडतच नव्हता," सुपडूभाऊ म्हणाले. मोतीलालांच्या अंगठ्या सगळ्या गल्लीनं पाहिलेल्या होत्या, तरी कोणी काही बोललं नाही. अकराव्या दिवशी माणूस कसाही असू शकतो.

अलकानं मोबाइलवर व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस चंदिगडचा होता आणि त्याची काच मुळातच स्वच्छ होती. इथं काचेवर मंडईची धूळ, केळीच्या चिकाचे डाग आणि कोपऱ्यात मागच्या दसऱ्याचं हळदीचं बोट. अरविंदनं काच धुतली. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीत साबण कालवून काचेवर फवारा मारला. कारण ओल्या काचेवर पट्टी सरकवता येते. वाळली की मग जिथं आहे तिथं. हे व्हिडिओतला माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता.

माप घेतल्यावर कळलं की पट्टी काचेपेक्षा चांगली दोन वीत लांब आहे.

"आप्पांचं माप सढळ," अलका म्हणाली, आणि तिला पुन्हा रडू आलं. अरविंदनं ब्लेडनं जास्तीचा भाग कापला. तो जमिनीवर पडायच्या आत सुपडूभाऊंनी उचलला. कामाची वस्तू, वाया कशाला घालवायची, असं म्हणून त्यांनी तो आपल्या स्कूटरच्या दिव्याच्या वरच्या अर्ध्या भागावर चिकटवून टाकला. एका फटक्यात, बिनसाबणाचा, कुठंही बुडबुडा न येता.

गाडीचं तसं झालं नाही. मागचा कागद सोलून बहीणभावांनी दोन टोकं धरली आणि पट्टी वरच्या कडेला टेकवली. पण काच बाहेरच्या बाजूला फुगलेली आणि पट्टी सरळ. टोकं जुळवली की मधला भाग खाली झोल खायचा, मधला भाग वर घेतला की टोकं खाली लोंबायची. शेवटी ती जशी बसली तशी बसवली. लांब उभं राहून पाहिलं तर काचेच्या कपाळावर एक हिरवं केळं आडवं ठेवल्यासारखं दिसत होतं.

"आडत्याची गाडी आहे," सुपडूभाऊ म्हणाले. "शोभते."

अरविंद हसला नाही. तो बुडबुडे काढत होता. पट्टीखालचं पाणी मधून कडेकडे ओढायला चपटी, कडक वस्तू लागते. त्यानं खिशातून आपलं अध्यापकाचं ओळखपत्र काढलं. संविलियनानंतर नवं मिळणारच होतं. त्या जुन्या ओळखपत्रानं त्यानं पट्टी घासायला सुरुवात केली. फोटोतला अरविंद काचेवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात राहिला. पाणी ओघळून बॉनेटवर येत होतं आणि उन्हात लगेच वाळून त्याचे पांढरे डाग पडत होते. ड्रायव्हरच्या बाजूला एक बुडबुडा राहिला. इकडून दाबला की तिकडे जायचा, तिकडून दाबला की परत यायचा. अलकानं सुई आणून दिली. अरविंद सुई धरून उभा राहिला. त्याला वाटलं, हा शेवटचा बुडबुडा गेला की काम झालं. शब्द पाळला. मग आप्पांचं ते बरं कोणतंही असो, काही फरक पडत नाही. त्यानं असं वाटून पाहिलं. काही वाटलं नाही. त्यानं सुई टोचली.

तेवढ्यात गल्लीतल्या सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

कोकिळाबाई दारात उभ्या होत्या. दहाव्यापर्यंत घरात चूल पेटली नव्हती, जेवण शेजारून आणि नातेवाइकांकडून यायचं. आज कोणाला न सांगता त्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. एका हाताला ज्वारीचं ओलं पीठ तसंच होतं. दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरलेला, आतल्या खोलीतून आलेलं माणूस उन्हात धरतं तसा. पण दारात सावली होती.

अलका त्यांच्याकडे धावली. "माय, आप्पांची इच्छा राहिली होती ना पट्टीची? अरविंदनं पुरी केली बघ. काल कावळ्याला शब्द दिला, तेव्हा कुठं शिवला."

"कोणता कावळा?" कोकिळाबाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांनी आवाज आला होता. तो जरा घोगरा होता. कोकिळाबाई पायऱ्या उतरून गाडीपाशी गेल्या. पिठाचा हात लांब ठेवून दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी पट्टीच्या कडेला लावून पाहिलं.

"वाळली का?"

"नाही, माय," अरविंद म्हणाला. "उद्यापर्यंत वाळेल."

"मंग काढ."

अरविंद सुई धरून तसाच राहिला.

"हे गाडीचं नव्हतं रे. माझ्या खिडकीचं होतं, गॅसजवळच्या," कोकिळाबाई म्हणाल्या. "नीम गेला तवापासून दुपारच्याले सारं ऊन तोंडावर येते. भाकर भाजते का करपते, दिसत नाही मले. म्हणून तुझ्या आप्पानं मापानं कापून आणली."

सुपडूभाऊ दोन पावलं मागं सरकले आणि स्कूटरच्या आड उभे राहिले.

"पण मला त्यांनी सांगितलं, पट्टी आणली म्हणून," अरविंद म्हणाला. "त्याच दिवशी. दारात. मी म्हटलं, गाडीला नको."

"मंग?"

"ते बरं म्हणाले."

"गाडीले लावायचीच नव्हती," कोकिळाबाई म्हणाल्या, "तं बरं नाही म्हणतीन तं काय म्हणतीन?"

अरविंदनं ओळखपत्र बॉनेटवर ठेवलं. मग जे विचारायला तो इतके दिवस थांबला होता, ते त्यानं विचारलं. "रागात नव्हते?"

कोकिळाबाईंनी खरोखरच आठवून पाहिलं. "डबा देताना पुसत होते, भरीतात मिरची किती टाकली. मी म्हटलं, खाऊन पाहा." बोटांवरचं पीठ त्यांनी अंगठ्यानं खरवडलं. "डब्यातलं खाल्लंच नाही त्यांनी."

अरविंद काचेकडे वळला आणि पट्टीचं टोक नखानं सोडवायला लागला. ती ओली होती. सहज सुटत होती. दाढेची सुई उतरायला लागते तेव्हा आधी गालाला मुंग्या येतात, मग दुखतं. त्याला मध्येच नीट दिसेना, म्हणून त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि दुसऱ्या टोकाला अलकाला बोलावलं. ती मात्र आता रडत नव्हती. दोघांनी ती लांब हिरवी पट्टी, आपसांत चिकटू नये म्हणून ताणून धरली, आणि सावरत सावरत दाराच्या दिशेनं नेली. जत्रेत दोघांनी मोठा साप धरून नेल्यासारखी. गल्लीतले लोक बाजूला झाले. तारेवर एक कावळा बसलेला होता, पण त्याच्याकडे पाहायचं सगळ्यांनी टाळलं.

कोकिळाबाईही आत जायला निघाल्या. पायरीवर थांबल्या. पट्टीची लांबी त्यांनी डोळ्यानं मोजली, मग जमिनीवर पाहिलं, गाडीखाली पाहिलं, आणि शेवटी स्कूटरपाशी नजर आली. नीम पडल्यापासून त्या सुपडूभाऊंशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

"सुपडूभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या दिव्यावरचा तेवढा तुकडा सोडवून द्या बरं. कोपऱ्याले कमी पडीन."